पान्ह्याचा खोकला

माझ्या सासूबाई दिवसातून दोनदा खोकायच्या. सकाळी धारेच्या वेळी आणि संध्याकाळी धारेच्या वेळी. अधेमधे कधीच नाही. धुळीत झाडलोट करोत नाहीतर थंडीत कुडकुडोत, घशाला ढिम्म काही व्हायचं नाही. लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा त्यांच्या गोठ्यात गेलो, तेव्हा तो खोकला ऐकून हबकलोच. होणाऱ्या बायकोच्या कानात म्हणालो, "अगं, तुझ्या आईला डॉक्टरकडे न्यायला हवं." ती म्हणाली, "श्शू! पान्हा सोडवतेय ती."

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा धरून "आता कसं दिसतंय?" विचारणं हा माझा धंदा, त्यामुळे चौकशीची खोड हाडीमाशी खिळलेली. गायीच्या कासेत दूध असलं तरी ते तिच्या मनात येईल तेव्हाच खाली उतरतं, आणि मन नसेल तर ती चक्क दूध चोरते, एवढं मला ठाऊक होतं. पण माणसाच्या खोकल्यावर पान्हा सुटतो, हे जन्मात ऐकलं नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं, आणि ती हकीकत ऐकल्यावर तिथल्या तिथे लग्नाला होकार दिला. याला मुलीपेक्षा गोठाच जास्त आवडला, असं बायको अजून म्हणते. मी नाही म्हणत नाही.

हकीकत अशी. या घरात गायी चार पिढ्यांपासून आहेत, पण गोठ्याचं नाव झालं ते माझ्या सासऱ्यांच्या वडिलांमुळे. सासूबाई त्यांना मामंजी म्हणतात. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण बाहेरच्या खोलीतला त्यांचा फोटो इतक्यांदा पाहिलाय, की उद्या रस्त्यात दिसले तर वाकून नमस्कार करीन. मामंजी गायीपाशी बसले की खोकायचे. दोन आखूड, एक लांब ओढलेला, आणि शेवटी घसा साफ केल्यासारखा एक हुंकार. हुंकार संपला की गायीला पान्हा फुटायचा. तब्येतीचं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आजारबिजार काही नाही. गायींशी बोलतोय मी." आणि खरोखर त्यांच्या हाताला जेवढं दूध यायचं तेवढं पंचक्रोशीत कुणाच्या हाताला येत नव्हतं.

एका थंडीत मामंजी दोन दिवस अंथरुणाला खिळले आणि गेले. त्यानंतर गायींनी दूध चोरायला सुरुवात केली. माझे सासरे धारेला बसले, त्यांचे भाऊ बसले, गडी बसला. चुचकारून झालं, ओरडून झालं. "दुभत्या गायीच्या लाथा गोड" म्हणतात. इथे नुसत्याच लाथा, दूध नाही. शेवटी नवी आलेली सून, म्हणजे माझ्या सासूबाई, पाण्याची बादली आणि फडकं घेऊन गोठ्यात गेली, तांबड्या गायीपाशी बसली आणि मामंजींसारखी खोकली. दोन आखूड, एक लांब, शेवटी हुंकार. घरातले सगळे दारात उभे होते. तांबडीने कान वळवले आणि चरवी भरली.

त्या दिवसापासून त्या घरात सासूबाईंचं बस्तान बसलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं नणंदा म्हणायच्या, पण दूध न्यायला आल्या की आवाज खाली ठेवून म्हणायच्या. कुठली गाय ठेवायची, कुठली विकायची, वासराला दुधावरून कधी तोडायचं, सगळं सासूबाईंना विचारून होऊ लागलं. पुढे धारेचं मशिन आलं तरी खोकला राहिलाच. मशिनचे चार कप लावण्याआधी कास धुवायची, हाताने चार धारा काढायच्या, खोकायचं आणि मग कप चढवायचे. मशिन बसवायला आलेल्या माणसाने तंबी दिली होती, की एकही पायरी गाळायची नाही. सासूबाईंनी एक वाढवली.

गोठा लोकांना दाखवायची कल्पना माझ्या मेहुण्याची. शहरातली माणसं गाय बघायला पैसे देतील, यावर आधी घरात कुणाचा विश्वास बसला नाही. पण आता दर रविवारी फाटकाशी रांग लागते, आणि त्या फाटकावर तिकिटं फाडायला मी असतो. जावई म्हणजे दशमग्रह, त्याचे लाड करावेत असं ऐकून होतो. या घरात दशमग्रहाला स्टुलावर बसवतात आणि सुट्ट्या पैशांचा डबा हातात देतात.

लोक काय काय विचारतात! काळ्या गायीचं दूध पांढरंच कसं? गाय उभ्याने झोपते का? शेणाचा वास तुम्हाला येत नाही का? मला अशा लोकांचा वैताग येतो, मी तो चेहऱ्यावर दाखवतो आणि मेहुणा मला दटावतो. सासूबाईंचं मात्र उलटं. प्रश्न आला की त्यांचे डोळे चमकतात. येत असेल तर उत्तर देतात, नसेल तर म्हणतात, "माहीत नाही हो. बघायला पाहिजे." आणि खरंच बघतात. एकदा कुणीतरी विचारलं, की गाय रवंथ डाव्या बाजूने करते की उजव्या? तर ही बाई अख्खी दुपार हनुवटीखाली हात घेऊन गायींसमोर बसली. मी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. पुढच्या रविवारी विचारणारा माणूस अर्थातच आला नाही. सासूबाईंनी उत्तर मलाच सांगून टाकलं: दोन्ही बाजूंनी, पण तांबडीची पणती हट्टाने डावीकडून.

फेरीच्या शेवटी खोकल्याचा खेळ असायचा. मेहुणा छाती पुढे काढून मामंजींची गोष्ट सांगायचा, लोक कठड्याला रेलून श्वास रोखायचे, सासूबाई कास धुवायच्या, चार धारा काढायच्या आणि खोकायच्या. रांगेतल्या सगळ्या गायींचे कान एकदम त्यांच्याकडे वळायचे. मग पारदर्शक नळीतून पांढरं दूध सळसळत जायचं आणि लोक टाळ्या वाजवायचे. पोरं तर घरी जाईपर्यंत खोकत असायची. मेहुण्याने फाटकावर खोकणाऱ्या म्हाताऱ्याचं मोठं चित्र काढून घेतलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला, ही म्हण त्या आवारात काढायची मला सक्त मनाई होती.

एका रविवारी ऐकू न येणाऱ्या माणसांचा एक गट आला. त्यांच्याबरोबर खुणांची भाषा बोलणारी एक बाई होती. मेहुणा जे सांगेल ते ती हातांनी त्यांना सांगत होती, आणि त्यांचं बोलणं तोंडाने आम्हाला. मला वाटलं, आज खोकल्याचा खेळ वाया जाणार. मेहुण्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने गोष्ट जरा घाईने उरकली. पण त्या मंडळींनी जितक्या बारकाईने बघितलं तितकं आजवर कुणी बघितलं नव्हतं. सासूबाई खोकल्या, गायींचे कान वळले, नळीतून दूध गेलं, त्यांनी हात वर करून हलवले. ती त्यांची टाळी.

एक जण तेवढा थांबला. पेशाने शिंपी होता. तो रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या पांढऱ्या गायीकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागला.

या पांढरीचं नाव मानी. गोठ्यातली सगळ्यात जास्त दूध देणारी, आणि सगळ्यात गर्विष्ठ. हाक मारा, ढुंकून बघणार नाही. फाटक वाजलं, सगळ्या वळतील, ही नाही. म्हणूनच नाव मानी. घरातले तिच्याशी जरा अदबीनेच वागायचे. सासूबाई स्वतः पुढे जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवायच्या, तेव्हा कुठे बाईसाहेब हलायच्या.

"हे म्हणतात," खुणांची बाई म्हणाली, "तुम्ही खोकलात तेव्हा सगळ्यांचे कान फिरले, हिचे फिरले नाहीत. हे म्हणतात, हिला ऐकू येत नाही."

मेहुणा हसला. "नाही नाही, ती जात्याच अशी आहे. मानी आहे."

शिंप्याने नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा खुणा केल्या. बाईने सांगितलं, "हे म्हणतात, मलाही लहानपणी सगळे गर्विष्ठच समजायचे."

सासूबाईंनी कोपऱ्यातलं रिकामं पत्र्याचं पिंप उचललं, मानीच्या मागे गेल्या आणि फरशीवर दाणकन आदळलं. गोठ्यात एकच गोंधळ उडाला. गायी दचकल्या, माझ्या हातातला सुट्ट्यांचा डबा पडला, मेहुण्याच्या तोंडून नको तो शब्द गेला. मानी शांतपणे रवंथ करत उभी होती. उजवीकडून.

आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. इतकी वर्षं घरात बहिरी गाय आणि आम्ही तिचा मान राखतोय! ते ऐकून, म्हणजे बघून, शिंपीही हसला. तो मानीपाशी गेला आणि तिच्या कपाळावर हात फिरवत राहिला. मग वळून त्याने सासूबाईंना शेवटचं काहीतरी विचारलं.

"हे विचारतात, मग ही दूध कशावर देते?"

सासूबाई नेहमीचंच म्हणाल्या, "माहीत नाही हो. बघायला पाहिजे." पण या वेळी त्यांचे डोळे चमकले नाहीत.

संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. मेहुणा अजून त्या पिंपाची नक्कल करून दाखवत होता, बायको हसत होती. सासूबाई कणीक मळता मळता थांबल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "अहो, मामंजी गेले त्यानंतर तुम्ही धार काढायला बसायचात, तेव्हा कास कशाने धुवायचात?"

"आता हे काय मधेच? धुवायचो कुठे? कुणाला भान होतं? गार पाण्याचा हात फिरवला की झालं."

"मी कोमट पाणी घेऊन गेले होते," सासूबाई म्हणाल्या. "मामंजींना रोज नेऊन द्यायचे, तसंच. सवयीने. फडकं पण तेच. आणि मग खोकले."

मानीला खोकला ऐकू येत नव्हता, पण कोमट फडकं लागत होतं. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला नाही, आणि मूर्खासारखा मी बोलूनही गेलो, "म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला..." बायकोने टेबलाखालून लाथ मारली.

मेहुणा म्हणाला, "आई, कशाला खोलात जातेस? लोकांना आवडतंय. त्या चित्रासकट आवडतंय."

"मला बघायचंय. उद्या न खोकता मशिन लावते. एकेका गायीला."

"काही नको." सासऱ्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. ते गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "चाललंय ते चालू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमच्यासाठी झाकली असेल. माझ्या स्वतःच्या मुठीत काय आहे ते मलाच माहीत नाही, त्याचं काय करू?"

"दूध आटलं तर?"

"आटलं तर बरंच." त्यांनी कणकेवर पालथी परात ठेवली. "आटलं तर तुमच्यापेक्षा मी खूश होईन. पण नाही आटलं, गायींना खोकला लागतच नसला, तर मामंजी कुणासाठी खोकत होते, सांगा ना?"

सासरे उठून बाहेर गेले. मेहुणाही गेला. मग सासूबाई बायकोला आणि मला सांगू लागल्या, पण बघत होत्या खिडकीबाहेर. मामंजींची खोली त्यांच्या खोलीला लागून होती. दुपारी सगळे आडवे झाले की भिंतीपलीकडून खोकला यायचा. तिथे तर गाय नव्हती. त्यांनी एकदा जेवताना धीर करून म्हटलं, मामंजी, डॉक्टरांना दाखवूया का? मामंजी म्हणाले, "अगं वेडे, मी उजळणी करतोय. गायींशी बोलायचं तर तयारी नको?" सगळं घर हसलं. नवी सून गायींची भाषा बंद करायला निघाली, असं नणंदांनी महिनाभर चिडवलं.

"मीही हसले," सासूबाई म्हणाल्या. "चांगली मोठ्याने हसले. नवी होते ना."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात निरोप पाठवला, की पोट बिघडलंय. खोटं होतं. मला बघायचंच होतं. चार लोकांच्या घरात काहीतरी मोडणार असताना आपल्याला नुसती उत्सुकता वाटते याची लाज वाटत होती, आणि तरी संध्याकाळच्या धारेला मी सगळ्यांच्या आधी गोठ्यात हजर होतो.

पाहुण्यांशिवाय गोठा वेगळाच दिसतो. फरशी ओली, नालीतून पाण्याची बारीक धार, कोपऱ्यात मशिनचा पंप एका सुरात घुमतोय. सासूबाईंनी पदर खोचला, कोमट पाण्याची बादली घेतली आणि तांबडीच्या पणतीपाशी बसल्या. मेहुणा दुधाच्या टाकीजवळ हाताची घडी घालून. बायको माझ्या शेजारी. सासरे येणार नाहीत असं वाटलं होतं, पण ते आले आणि दारातच थांबले.

सासूबाईंनी कास धुतली. नेहमीसारखीच, सावकाश, चारही सड फडक्याने पुसून. चार धारा हाताने काढून वाटीत बघितल्या. मग थांबल्या.

गायींचे कान वळले. रांगेतल्या सगळ्या, एक मानी सोडून, सासूबाईंकडे कान लावून उभ्या राहिल्या. तांबडीची पणती तर मान वळवून मागे बघू लागली. मला वाटलं, वाट बघतायत. त्यांना हवाय खोकला. सासऱ्यांनाही तेच वाटलं असणार, कारण ते एक पाऊल आत आले. सासूबाईंचा घसा हललेला मला दिसला. इतक्या वर्षांची सवय, आपोआप वर येत असणार. त्यांनी तो आवंढ्याबरोबर गिळला आणि कप चढवले.

नळी रिकामीच होती. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत होतो. पंप घुमत होता. आणि मग दूध आलं. आधी तुटक तुटक, मग सलग, नेहमीसारखं सळसळत. तांबडीची पणती मान पुढे करून खायला लागली.

"एखादी देते," सासरे म्हणाले. "तेवढ्यावरून काय."

सासूबाई दुसऱ्या गायीकडे गेल्या. कोमट फडकं, चार धारा, कप. दूध आलं. तिसरी. चौथी. पाचवीच्या वेळी तर गायींनी कान वळवणंही सोडून दिलं. मेहुण्याने हाताची घडी सोडली आणि उगाचच टाकीचं झाकण पुसायला लागला.

सासरे चालत चालत सासूबाईंजवळ आले. सहावी गाय धुवायची होती. ते हळू आवाजात म्हणाले, "खोक ना एकदा."

"कशाला? देतायत की दूध."

"गायींसाठी नको. माझ्यासाठी खोक."

सासूबाईंनी फडकं पिळलं. रागावल्यात असं मला आधी वाटलं, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. म्हणाल्या, "नाही हो. आता नाही. ते बिचारे दुखणं लपवत होते, आणि मी इतकी वर्षं त्यांच्या दुखण्याची नक्कल करत बसले. लोक टाळ्या वाजवत होते."

सासरे तिथेच ओल्या फरशीवर बसले. माझ्या सासऱ्यांना मी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी सासूबाईंच्या हातातलं फडकं घेतलं, बादलीत बुडवलं, पिळलं, आणि सहावीची कास ते स्वतःच धुवायला लागले. धुता धुता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "खूप दुखत असेल का गं बाबांना?"

"मला काय माहीत," सासूबाई म्हणाल्या. "मी नाही कधी विचारलं. तुम्ही विचारलंत?"

सासऱ्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग चार धारा काढल्या, वाटीत बघितलं, आणि कप द्या म्हणून हात पुढे केला.